नाळेवरचं नाव

बाबली तांडेलाच्या होडीची नाळ
कोयत्यासारखी वळलेली.
त्या वळणावरच त्याला नाव हवं होतं: श्री सातेरी कृपा.
लाल रेडियममध्ये. नारळी पुनवेच्या आत.

मेढ्यातल्या माझ्या दुकानात
एक कटर, एक पंखा आणि फुकटातलं सॉफ्टवेअर.
(आधी चोरीचं होतं. व्हायरसनं
तीन लग्नपत्रिका गिळल्या, तेव्हा सोडलं.)
इंग्रजी नाव वळणावर बसतं,
त्यांची अक्षरं सुटी, आपापल्या पायावर उभी.
मराठी बसवायला गेलं की
प्रत्येक अक्षर वेगळी मान वाकडी करतं
आणि डोक्यावरची रेघ फुटते,
वाऱ्यानं कौलं सरकावीत तशी.
किती वर्षं मी त्या फटी
ब्लेडनं कापलेल्या पट्ट्यांनी बुजवत आलो.
वाटायचं, खोट आपल्याच लिपीत असेल.

समिधा कुबल, पॉलिटेक्निक, दुसरं वर्ष,
प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला आलेली,
माझी पट्टी चिकटेपर्यंत बघत राहिली.
"काका, लिपीची चूक नाही ही.
ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी अशी रेघ बघितलीच नसेल."
कोणी लिहितं हे?
"कोणीही. मीसुद्धा लिहीन."

मे महिन्यात तिचं नाव निवडलं गेलं.
फिनलंडचा कोणी टुओमास तिला शिकवायला;
आपल्याकडे मध्यरात्र, त्याच्या खिडकीत अजून उजेड.
शिरोरेषेला तो 'छप्पर' म्हणाला.
आम्ही हसलो. मग हसू थांबलं,
कारण बरोबरच होतं ते.

पहिल्या खेपेला तिनं काय केलं,
सगळ्या अक्षरांवरून एक जाड रेघ ओढून दिली.
अकरा शेरे घेऊन काम परत आलं.
त्यांनी नाही पकडलं ते मी पकडलं:
ध आणि भ यांचं डोकं उघडं असतं गो,
तू झाकलंस.
पेशवाईत 'ध'चा 'मा' झाला होता,
हिनं 'ध'चा 'घ' केला,
आणि 'भाऊ' लिहिलं की पडद्यावर 'माऊ'.

चार दिवस दुकानाकडे फिरकली नाही.
पाचव्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर दिसली,
रुझार मेस्ताजवळ उकिडवी.
तो खाली जाळ, वर ओलं गोणपाट ठेवून
फळीला हळूहळू बाक आणत होता.
"वाकवूक व्हयी, मोडूक नको," एवढंच बोलला,
तेही तिला नव्हे, फळीला.

त्या रात्री तिनं अक्षरं तोडणं सोडलं.
शब्दाची रेघ अख्खी उचलली,
प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक नोड,
नोडला दोन हँडल, आणि जाळ लागल्यासारखी
रेघ सावकाश वळू दिली.
ध, भ दिसले की थांबायचं.
उघडं डोकं उघडंच ठेवायचं.

वीज गेलेली. माझ्या इन्व्हर्टरवर
तिनं शेवटचं काम पाठवलं.
चौदा चाचण्या हिरव्या, एक लाल.
पहाटे तीही हिरवी.
मी चहा ठेवला. दूध नव्हतं.

नवी आवृत्ती आल्यावर पोखऱ्याहून कोणी लिहिलं,
आमच्या बसच्या काचेवर आता नाव नीट वळतं.
तिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं.

बाबलीनं होडीभोवती एक फेरी मारली.
"नाव बरा दिसता. लाल रंग जरा फिको वाटता,"
आणि पन्नास रुपये कमी दिले.
रेघेबद्दल अवाक्षर नाही.
न फुटलेली रेघ कोणाला दिसते?

सॉफ्टवेअरच्या पोटात नावांची लांब यादी आहे,
तिच्यात ती 'कुबा' झाली आहे, ल गळलेला.
म्हटलं, एवढं तरी दुरुस्त करून घे.
"घेईन हो," मान वर न करता म्हणाली,
"आधी हा 'ऱ्या' बघू दे.
वळण अरुंद झालं की
'किनाऱ्या'तला अजून फुटतोय."