समासातली पेन्सिल

नेस्टा प्रोथेरोच्या सतरा कादंबऱ्यांची मुद्रितं
मी तपासली. एकतीस वर्षं.
प्रत्येकीत एक निळी एनॅमलची किटली आहे,
तोटीपाशी टवका उडालेली.
पाचव्या पुस्तकात मी समासात लिहिलं, पुन्हा?
तीन दिवसांनी टपालानं उत्तर आलं:
गेथिन, घरात किटली एकच असते.

आमचं वेल्समधलं गाव पाटीच्या दगडाचं.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, थडगीसुद्धा.
पाऊस दिवसभर त्यांवर काहीतरी लिहितो
आणि कुणी वाचायच्या आत पुसतो.
तिला वेगळं भूत शोधावं लागलं नाही.

तिची माणसं सहसा मरत नाहीत,
हाक ऐकून वळतात.
हाक ओळखीच्या आवाजात, पूर्ण नावानं.
आणि त्या पोराला घरात कुणीच
पूर्ण नावानं हाक मारत नाही
हे आपल्याला आठवतं सव्वाशेव्या पानावर;
तोवर तो फाटकाबाहेर, अनवाणी.

तिचं जनावर सभ्य.
दार फोडत नाही, पायपुसण्यावर पाय पुसतं.
आधी ते येतं, ते थांबतं, ते हुंगतं.
मग एका परिच्छेदात, कुणाला कळू न देता,
ते आले, ते बसले,
त्यांनी साखर नको म्हटलं.
मी लाल शाईनं खूण केली: वचन पाहा.
खाली तिचं तिरकं अक्षर:
पाहिलंय. घाबरलेली माणसं आधी मान देऊ लागतात.

आरसा कुठेच नाही.
कुत्रा कधीच मरत नाही (वाचक पत्रं लिहून
आभार मानायचे), तो फक्त
एका खोलीत यायचं सोडतो.
शेवटच्या वाक्याला पूर्णविराम नाही.
सतरा वेळा मी तो दिला,
सतरा वेळा तिनं ब्लेडनं खरवडून काढला.

आणि जिना.
पहिल्याच पुस्तकात, वर जाताना बारा पायऱ्या,
उतरताना तेरा.
मी बावीस वर्षांचा, नोकरी नवी,
चूक सापडल्याचा केवढा आनंद! बारा की तेरा?
त्या वेळी ती स्वतः छापखान्यात आली,
ओला कोट न काढता उभी राहिली.
म्हणाली, दोन्ही बरोबर आहे.
वर जाणारा एकटा जातो.

एकदा कार्डिफहून एक पोरगेला पत्रकार आला.
लहानपणी नेमकं काय झालं होतं, बाई?
"गोवर," ती म्हणाली
आणि त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.
मीही होतो तिथे. तिच्या स्वयंपाकघरात
तेवढा एकदाच गेलो.
किटली विजेची होती, पांढरी.
निळी, टवका उडालेली, माझ्या आईची होती.
हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.
गावात तशा पुष्कळ असतील म्हणा.

नोव्हेंबरात ती गेली.
प्रार्थनाघरात पंधरावीस माणसं,
पाद्र्यानं पुस्तकांचं नाव काढलं नाही,
हवामानावर बोलला.
भाचीनं अठरावं हस्तलिखित आणून दिलं
सुतळीनं बांधलेलं, चपलांच्या खोक्यात.

तीच किटली. तीच हाक.
जनावर आता पहिल्या ओळीपासूनच "ते आले".
आणि एकशे नव्वदाव्या पानावर
ती मुलगी जिना चढते, बारा.
उतरते, बारा.

मी बोटांनी मोजलं. पेन्सिलीनं मोजलं.
समासात लिहिलं, तेरा?
आणि सवयीनं तीन दिवस टपालाची वाट पाहिली.

चूक असती तर दुरुस्त केली असती.
पण तिनं आयुष्यात एकदाही
पायऱ्या चुकवल्या नाहीत. म्हणजे
जे दर वेळी सोबत खाली यायचं
ते या वेळी वरच राहिलंय.

रात्रीचे साडेअकरा. मुद्रितं टेबलावर.
कुत्रा पहिल्या पायरीपाशी बसलाय,
मान वर करून, शेपूट न हलवता.
माझी झोपायची खोली वर आहे