बावन्न

उन्हाळ्यात हे काम पहाटे पाचला.
नऊ वाजले की नागपूरची माती तव्यावर चढते
आणि हेडफोनच्या आत कान शिजतात.

छत्तीस वर्षं टेलिफोनच्या केबलीतले फॉल्ट ऐकले,
आता जमिनीतले ऐकतो.

सुभेदार ले-आउट, कोपऱ्यातला प्लॉट.
शशिकलाबाई नंदनवार पायरीवर बसलेल्या.
यजमानांची अंगठी. सैल झाली होती शेवटी शेवटी,
दोरा गुंडाळून घालायचे.
झाडांना पाणी घालताना गेली असावी,
दोन वर्षं झाली, मागच्या पंधरवड्यात ते पण गेले.

आधी यंत्राला माती समजावून सांगावी लागते.
मेमधली काळी माती, भेगाळलेली,
स्वतःशीच काहीबाही पुटपुटते.
ते पुटपुटणं वजा केलं
की उरतं ते कोणाच्या तरी हातून पडलेलं.

नऊ, अकरा, घोगरा आवाज: खिळा.
खिळा लबाड. एका बाजूनं गेलो तर चाळीस म्हणतो,
काटकोनात फिरून आलो की साक्ष बदलतो.
असल्या साक्षीदारासाठी खुरपं काढू नये.
कूलरच्या स्टँडजवळ तर काही ऐकूच नये.

ब्याऐंशी, गोड, दोन्हीकडून तेच: तांबं.
निघाला एक हिरवा पैसा, भोसल्यांच्या वेळचा असेल.
बाईंनी पायरीवर ठेवला, उलटून पाहिलाही नाही.
आजचा रुपया मात्र यंत्राला लोखंडच वाटतो.
त्यात मी काय बोलू.

आणि सोनं?
लोकांना वाटतं सगळ्यात वरच्या पट्टीत वाजत असेल.
नाही बाप्पा.
हलकी अंगठी मधेच कुठंतरी, पन्नास, बावन्न,
आणि गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी, तीही बावन्न.
पन्नीला कंटाळून ज्यानं बावन्न सोडलं
त्यानं सोनं सोडलं.

लिंबाखाली बावन्न.
चार बोटं खोल, दोन्हीकडून बावन्न.
बाई उठून आल्या.
पन्नी.
वीतभर पलीकडे पुन्हा. पन्नी.
तिसरी हाताला वेगळी लागली, जड.
धोतराच्या फडक्यानं पुसली:
दहाच्या दहा गोळ्या आत,
एकही फोडलेली नाही.

बाईंनी चष्मा लावला. नाव वाचलं, महिना वाचला.
"ही सकाळची," म्हणाल्या.
पुढची निघाली.
"ही रात्रीची. जेवण झाल्यावर."

मी यंत्र बंद करायला गेलो.
"काऊन? तुमचं ते बावन्न संपलं का?"
"नाही."
"मग चालू द्या."

अकरा पाकिटं निघाली. बारावं फाटलेलं,
आतल्या गोळ्यांचा चुना झालेला.
"उशाशी ठेवायची मी. संपलेलं दिसलं की नवीन.
घेतली म्हणायचे अन् लगेच पाणी घालायला बाहेर.
मी शेजारणीला सांगायची,
किती जीव आहे हो यांचा झाडांवर."

यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

कडीपत्त्याजवळ अजून एक होता. बावन्न.
पण पाकिटाचा आवाज लांबट असतो, कडांना फाटतो,
हा आखूड होता, गोल,
सुरू झाला तिथंच संपणारा.
छत्तीस वर्षांच्या कानाला एवढं कळतं.

"इथं एक आहे," मी म्हटलं.
"काय आहे?"
"बावन्न."
"ते माहीत आहे. काय आहे?"
"खोदल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यांनी पायरीकडे पाहिलं,
पैशाशेजारी ओळीनं मांडलेल्या पाकिटांकडे.
"ऊन चढलं," म्हणाल्या, "उद्या या."

कडीपत्त्याची काडी मोडून मी तिथं खोचली,
कॉइल पुसली, वायर गुंडाळली.
फाटक लावताना दिसलं,
बादली घेऊन लिंबाला पाणी घालत होत्या,
फक्त लिंबाला,
एकेक तांब्या, मोजल्यासारखा.