च्यूस

बर्डीच्या क्लासातून आली की उत्पला
हेल्मेट काढता काढता शिकवते मला :
"निघताना तिकडं च्यूस म्हणतात, बाबा.
ओठ गोल करा. अजून गोल."
हे तं शिंकल्यासारखं झालं, म्हटलं.

तर म्हणे, आधी त्यात देव होता.
'देवाच्या हवाली' म्हणायचे लोक, दक्षिणेच्या बंदरांत.
खलाशांनी उचलला शब्द,
तोंडातोंडांत झिजला,
उत्तरेला पोचेस्तोवर देव गळाला,
नुसती हवा उरली.
आता पावाच्या दुकानात सुटे पैसे घेतानाही च्यूस.

आमच्या इंदोऱ्यातल्या घरात देव नाही.
आज्यानं छप्पन साली नदीत सोडले सगळे.
"मग दिवसभर तुम्ही,
काहून बाप्पा, चाल बाप्पा, थांब ना बाप्पा,
कोणाला म्हणता?"

तेवीस वर्षं कळमन्यात संत्री मोजतो मी.
मोजणीत चुकलो नाही कधी.
इथं गप्प बसलो.

सोनेगावला, पहाटे,
नर्सच्या नव्या बुटांत ती आत गेली.
काचेपलीकडे ओठ हलले.
गोल नाही झाले, पाहिलं मी.
म्हणजे येतेच म्हणाली.

ये बाप्पा,
म्हटलं काचेला.