सोमवार-गुरुवार सोडून

डायनिंग टेबलावरचं प्लास्टिक काढून
बाबांनी नकाशा अंथरला आहे.
चार कोपऱ्यांवर चार वजनं :
अडकित्ता, बीपीचं मशीन, गाडीची किल्ली
आणि एक संत्रं, जे त्यांना खायचं नाही.
कूलर यंदा मार्चातच लावला.
त्याच्या वाऱ्यानं मध्य प्रदेश सारखा फडफडतो.

"सोमवार, गुरुवार. हे दोन खांब.
तार मधातून न्यायची."
छत्तीस वर्षं वीज मंडळात लाइनमन.
कुठल्या दोन खांबांमध्ये किती वाव
हे त्यांना डोळ्यांनीच कळतं.

तर गुरुवारी मेडिकल चौक, चार तास.
शुक्रवारी पहाटे निघून पेंच, दोन रात्री.
रविवारी सिवनीवरून जबलपूर.
सोमवारी जबलपूरचं सेंटर, मी तिथे तीनदा बोलले आहे,
खाट मिळेल, फाइल आधी पाठवा म्हणाले.
मंगळवारी कान्हा.
बुधवारी दुपारनंतर कान्हा बंद असतं, मी वाचून दाखवते.
बाबा खूश होतात :
"म्हणजे जंगलालेही डायलिसिस हाय!"
गुरुवारी गोंदिया. मग नवेगाव, तळ्याकाठी नुसतं बसायला.
रविवारी रात्री घर,
आणि सोमवारी पुन्हा आपली ती खिडकीजवळची खाट.

लोक शहरांना वळसा घालून जंगलं गाठतात.
आमची शहरं यंत्रांवरून निवडलेली.
जबलपुरात काय पाहण्यासारखं, कोणी विचारलं तर सांगेन :
दुसरा मजला. लिफ्ट आहे. पायऱ्यांना कठडा नाही.

प्रशील पुण्याहून व्हिडिओवर, संत्र्याला टेकून उभा.
"ताई, रिस्क कशाला घेताय?"
मग रात्री त्यानंच तक्ता पाठवला :
प्रत्येक गेटपासून जवळचं मोठं हॉस्पिटल, किलोमीटर, मिनिटं.
दोन रकाने लाल.
मी त्याच्या प्रिंट काढल्या, डॅशबोर्डमध्ये ठेवल्या.
बाबांनी पाहून फक्त म्हटलं,
"इतकी तानून नाही बांधत तार.
थोडा झोळ ठेवा लागते,
नाहीतं थंडीत तुटते."

आई यात पडत नाही.
बाटलीवर चिकटपट्टीच्या खुणा करत बसली आहे,
शंभर-शंभराच्या आठ.
दिवसाला आठ खुणा. त्यात चहा, त्यात वरण,
त्यात गोळ्यांसोबतचा घोटसुद्धा.

नकाशा मूळचा खापर्डे काकांचा.
शेजारच्या खाटेवर असायचे, सोमवार-गुरुवारचेच.
अमरकंटकाला त्यांनी पेनानं गोल केलेला आहे,
दोनदा गिरवलेला.
आपल्या वाटेत ते येत नाही, मी म्हणते.
बाबा खोडरबर हातात घेतात
आणि दुसरंच काहीतरी खोडतात.

मग ते संत्रं उचलतात.
एक कोपरा गुंडाळतो, गोंदिया झाकलं जातं.
साल एका दमात, न तुटता काढणं त्यांचं जुनं कसब.
फोडी आईला, मला,
एक चुकून स्वतःच्या ओठांपर्यंत, आणि परत.
नंतर बराच वेळ बोटांचा वास घेत
निळ्या रेघेवरून हात फिरवत राहतात :
बरगी, ग्वारीघाट, भेडाघाट.

"सोमवारी सेंटरातून सुटलो
का तिथंच जाऊ. धुवांधारले."
चार तासांनंतर थकवा येईल, मी म्हणते.
"हव. बसून पाहीन.
इतकं पाणी एका जागी
कोनी न मोजता सोडलेलं."

आज गुरुवार.
सिस्टरनं सुई लावली, पट्टी दाबली,
कधी निघताय म्हणाली.
तारीख सांगून बाबांनी तिला जवळ बोलावलं,
अगदी हळू विचारलं :
त्या धबधब्याचे तुषार तोंडावर उडतील,
थे आठशेत धरायचे का?

ती हसली नाही.
मॅडमला विचारते म्हणाली.