तेत्तीस म्हणा

आमच्याकडे डॉक्टर पाठीवर पंजा टेकवून सांगतात,
तेत्तीस म्हणा.
तेत्तीसच का, ते मला शिकवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.
त्रेंतात्रे. 'र' घोळतो, छाती थरथरते,
थरथर तळव्याला लागली
की समजायचं, आत हवा आहे.

देल्फीना म्हणाली, तेत्तीस.
डावीकडे तळव्याला काहीच लागलं नाही.
पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं,
मी बहिरी असल्यासारखं.

मग पाठ ठोकून पाहिली.
खांद्याखाली चार बोटं ठीक, पुढे आवाज बसला.
कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसलेला सेकोन्दो
तेवढ्यात उठला. "इथपर्यंत भरलंय," म्हणाला
आणि नखानं तिच्या कातडीवर रेघ ओढली.
एकेचाळीस वर्षं तळघरात
पिंपं ठोकून दारूची पातळी सांगणारा माणूस.
एक्स-रे आला, तेव्हा पांढरं
त्याच्या रेघेच्या बोटभर खाली होतं.
तेवढीच चूक.

फुप्फुसाला अस्तर असतं, मी सांगितलं,
कोटाला असतं तसं, पण दुहेरी.
दोन पापुद्र्यांत चमचाभर ओल,
एकमेकांवर घासू नयेत म्हणून.
चमच्याची आता घागर झालीय.
"अस्तरं मी आयुष्यभर शिवलीत," ती म्हणाली.
"उसवलं का?"

सुई बरगडीच्या वरच्या काठावरून घालायची,
खालच्या काठाला शीर दडलेली असते.
आधी गवती रंग आला, मग गुलाबी.
सेकोन्दोनं सवयीनं बाटली उजेडात धरली
आणि लगेच खाली ठेवली.
दीड लिटरला मी थांबले.
"अजून आहे ना, काढा की."
पण दबलेलं फुप्फुस घाईनं फुगवू नये,
ते उलटतं.

पाण्यात काही सापडलं नाही.
पाणी पुष्कळदा तोंड उघडत नाही.
नळीतून आत पाहिलं, तेव्हा अस्तरावर पांढरे दाणे,
तांदळाच्या कण्यांएवढे,
आणि चिमट्यानं घेतलेल्या तुकड्यानं नाव सांगितलं.

कामाला कुठे होतात?
कुठेच नाही. घरी.
फॉर्मवर तेवढीच एक ओळ होती.
मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं,
घरात कपडे कोण धुवायचं?

तीन हिवाळे, मळ्यात काम नसताना,
सेकोन्दो नदीकाठच्या सिमेंट-पत्र्यांच्या कारखान्यात जायचा.
निळा डगला पांढरा होऊन घरी यायचा.
ती गॅलरीत उभी राहून आधी झटकायची,
मग भिजवायची,
नाहीतर टाकीचं भोक तुंबायचं.
याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली.
खोलीत कुणी बोललं नाही.
सेकोन्दोनं टोपी घातली, काढली.

बरं करणारं औषध माझ्याकडे नव्हतं.
थोडं कमी गुदमरणं होतं.
बरगड्यांत एक मऊ नळी बसवली,
एक दिवसाआड बाटली जोडायची.
नर्स नको म्हणाला. कोपरापर्यंत साबण लावून
स्वतःच शिकून घेतलं.
नोंदी पिंपांच्या वहीत:
मंगळवार, चारशे.
गुरुवार, साडेतीनशे, जरा दुखलं.
शनिवार, दोनशे. पोलेंता खाल्ला, मीठ कमी म्हणाली.
फेब्रुवारीत आकडे थांबतात.
त्याखालची ओळ थेट पिंप क्रमांक नऊ.

मार्चमध्ये तो एकटा आला.
शर्ट काढला, पाठ माझ्याकडे केली.
"ठोका."
दोन्ही बाजू, वरपासून खालपर्यंत ठोकलं.
सगळीकडे मोकळा, घुमणारा आवाज.
एक्स-रेही साफ.
"रिकामं?"
हवा आहे, मी म्हणाले.
"पुन्हा ठोका. डगला तर मी घालत होतो."

मी पुन्हा ठोकलं. मग पंजा टेकवला.
तेत्तीस म्हणा.
तो म्हणाला.
तळव्याला थरथर लागली,
आणि तो गप्प झाल्यावरही
लागत राहिली.