मेशाँ

वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळावर,
बेअरिंगच्या दुकानाच्या डोक्यावर माझा क्लास.
सहा खुर्च्या, एक फळा, जिन्यातून चढत येणारा
ग्रीसचा वास.
इथे फ्रेंच कुणी हौसेने शिकत नाही.
कॅनडाला गुण लागतात.

मंगळवारी विशेषणं.
फळ्यावर मी पाटी काढली, तिकडे फाटकावर असते तशी:
शिएँ मेशाँ. कुत्र्यापासून सावध.
"मेशाँ म्हणजे चावरा?" बाळकुमच्या धनेश भोईरचा प्रश्न.
म्हटलं, चावरा, दुष्ट, द्वाड,
आई पोराला लाडाने म्हणते तेही.
"पण मूळ?"
तो नेहमी मूळ विचारतो,
आज्याच्या सातबाऱ्यामागे फिरून लागलेली सवय.

मूळ असं, की मे म्हणजे वाईट, शाँ म्हणजे पडणारा.
फासा पडतो तसं पडणं.
आपल्याकडे दान पडतं ना?
ज्याचं दान उलटं पडलं, तो मेशाँ.
आधी शब्द नुसता करंटा होता.
मग लोक त्याला पाहून रस्ता बदलू लागले,
मग फाटकं आली,
मग पाटी.
पडण्याचं ते क्रियापद आता तिकडे जवळपास कुणी वापरत नाही.
"म्हणजे पडला ते विसरले,
वाईट तेवढं ठेवलं," धनेश म्हणाला,
आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

त्याचा भाऊ मी पाहिलाय, नाक्यावर.
उभ्या रिक्षांची हवा काढतो,
बायका लेकरांना आतल्या बाजूला घेतात.
चार वर्षांपूर्वी ढोकाळीच्या टॉवरला रंग देताना
परांचीवरून गेला.
दुसराच तर मजला, कंत्राटदार म्हणाला होता,
आणि दुसऱ्या मजल्याइतकेच पैसे दिले.

मी घाईघाईने सांगितलं, अरे, मॉन्ट्रियलला हाच शब्द
कौतुकानेही वापरतात,
मेशाँ पार्टी म्हणजे जबरी पार्टी!
सगळे हसले. जवळजवळ सगळे.

गुरुवारी वह्या आल्या.
विशेषण वापरून एक वाक्य लिहा.
माझा भाऊ मेशाँ आहे.
खाली मराठीत, पेन्सिलने, बारीक:
आठशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने.

लिंग बरोबर, वचन बरोबर.
दहापैकी किती, ते ठरेना.
खाली कुणाच्या तरी हातून छर्‍यांचा डबा निसटला,
छर्रे पायरी पायरीवर आपटत गेले,
काही मध्येच थांबले,
काही थेट गटारापर्यंत.
मी लाल पेनाला टोपण लावलं.