तिसरा सेकंद

आमच्या पहिल्या गाण्यात गिटार होतीच.
दोन सेकंदांची.
पाव डॉलरला घेतलेल्या एका रेकॉर्डवरून मी ती कापली होती,
वेष्टन नव्हतं, नाव कुणीतरी नखानं खरवडलेलं.
त्या दोन सेकंदांवर
ओझेल आणि ट्रुमेन अकरा वर्षं बोलत राहिले:
भाडं, बर्फ, बंद पडलेला बियरचा कारखाना,
ओझेलचा भाऊ.
मी बोटानं तबकडी मागे ओढायचो
की गिटार पुन्हा पहिल्या पायरीवर.
पुढे काय होतं, कधी ऐकलंच नाही.
पुढे ओरखडा होता.

चौथ्या अल्बमनंतरच्या हिवाळ्यात
ट्रुमेन म्हणाला, माझा आवाज मलाच पाठ झालाय.
माशाचा काटा काढता काढता म्हणाला,
म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.
मार्चमध्ये त्यानं पत्ता दिला:
पूल ओलांडून, दक्षिणेला,
काझिमिएझ नावाच्या माणसाच्या बापाचं सॉसेजचं दुकान,
त्याखालचं तळघर.

पूल ओलांडून.
मिल्वॉकीत आमच्या बाजूला हे शब्द सहज निघत नाहीत.
आई एकोणीस वर्षांची असताना तो पूल चालत गेली होती,
हवं तिथे घर घेता यावं एवढ्यासाठी,
आणि पलीकडे लोक बाटल्या घेऊन उभे होते.
तिच्या भुवईत अजून एक पांढरी रेघ आहे,
तिथे केस उगवत नाहीत.
मी म्हटलं, सरावाला जातोय.
"कशानं?"
"व्हॅननं."
"मग ठीक," म्हणाली, आणि कढई घासत राहिली.

तळघरात लसणाचा वास, छताला रिकामे आकडे.
ड्रमवर व्हर्नीता, आमच्याच चर्चमधली,
तिच्या दोन काठ्यांनी माझं निम्मं काम
पहिल्याच दिवशी उरकून टाकलं.
मी हात खिशात घातले. बाहेर काढले.
पुन्हा घातले.

काझ म्हणाला, ते तुमचे दोन सेकंद वाजवू?
वाजवले.
आणि थांबला नाही.

मला वाटलं होतं सूर वर जाईल.
तो खाली उतरला,
अंधारात जिना उतरताना
मोजलेल्यापेक्षा एक पायरी जास्त निघावी तसा.
पोटात खड्डा पडला.
ओझेलनं वही मिटली.
यमक नाही, ठेका नाही,
नुसतं भावाचं नाव ओरडला, लेम्युएल,
आकडे हलले,
आणि वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यानं सुरी खाली ठेवलेली ऐकू आली.

मग व्हायचं ते झालं.
पहिल्या रांगेतल्या एका पोरानं आमचा टीशर्ट काढला,
उलटा करून परत घातला,
थंडी होती बिचाऱ्याला.
एक रेडिओ म्हणे, गिटार फार.
दुसरा म्हणे, बडबड फार.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात.
नवी पोरं आली, उड्या मारणारी,
एकाही ओळीचा अर्थ न कळता घामाघूम होणारी,
आणि ट्रुमेनला ती आवडली, हे मला आवडलं नाही.

आईला कॅसेट ऐकवली.
म्हटलं, लोक म्हणतात आपण दुसऱ्यांचं उचललं.
तिनं चष्मा पुसला.
"मिसिसिपीहून यायच्या तिकिटासाठी
कॅलब काकानं काय विकलं होतं, माहितीये ना?"
मला माहिती नव्हतं.
तिनंही पुढे सांगितलं नाही, भाताखालचा गॅस बारीक केला.

आता बावीस गाण्यांत माझी चार.
बाकी वेळ मी कोपऱ्यात उभा,
लग्नात वराच्या जुन्या मित्रासारखा, हसतमुख.

काल डेट्रॉइटहून परतल्यावर झोप येईना.
ती पहिली रेकॉर्ड काढली,
सुई उचलली, ओरखड्याच्या पलीकडे ठेवली.
एवढ्या वर्षांत हे सुचलं कसं नाही कोण जाणे.
तिसऱ्या सेकंदाला तिथे गिटार नाहीच.
कुणीतरी खोकतं.
बाजूला एक बाई हसते,
खुर्ची सरकते,
मग बराच वेळ नुसती खरखर.

काझला अजून सांगितलेलं नाही.